पुसलेला खोकला

संक्रांत होऊन गेली होती. सुट्टीचा दिवस होता. सांगलीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी संगणक सुरू केला, हार्ड डिस्क जोडली आणि तिच्यातून टक् असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा टक्. मग नुसतं टक् टक् टक्, आतून कोणीतरी नखाने दार वाजवावं तसं. पडद्यावर डिस्क दिसेना. वायर काढली, पुन्हा जोडली, पुन्हा तेच. त्यापुढे जोडायचं धाडस झालं नाही. खोलीचं दार लावून घेतलं, बाहेर येऊन बायकोकडे चहा मागितला आणि तो समोर ठेवून बसून राहिलो.

त्या डिस्कमध्ये माझ्या काकांचा आवाज होता. दुसरीकडे कुठेही नव्हता.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. विट्याजवळच्या आमच्या गावात तरुणपणी ते लग्नाच्या मांडवात गाणी लावायचे. झाडाला बांधलेला भोंगा, एक अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि पत्र्याच्या पेटीत उभ्या ठेवलेल्या काळ्या तबकड्या एवढा त्यांचा पसारा. पुढे आमच्या भागातली बरीच माणसं जातात तसे तेही गलाईच्या कामाला दक्षिणेत गेले. सोन्याचांदीचा चुरा आटवून शुद्ध करायचं ते काम. धुराने त्यांना खोकला जडला. गाण्यांचा पसारा त्यांनी आमच्या घरी आणून ठेवला आणि काकी मुलाला घेऊन गावातच राहिली.

काकीला लिहितावाचता येत नाही. त्यामुळे पत्रांऐवजी त्यांच्यात कॅसेट चालायची. गलाईवाल्यांच्या घराघरात त्या वेळी हीच पद्धत होती. काका तिकडे टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचे आणि गावाकडे निघालेल्या कोणाच्या तरी पिशवीत ती कॅसेट द्यायचे. काकी ती मनसोक्त ऐकायची आणि मग त्याच कॅसेटवर, काकांचं बोलणं पुसून, आपलं उत्तर भरायची. कॅसेट परत दक्षिणेत. तिथे काकांनी ऐकलं की काकीचं बोलणं पुसलं जायचं. एकच कॅसेट वर्षानुवर्षं अशी ये-जा करत होती. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. पाटीवरचं पुसून पुन्हा लिहितात तसंच ते होतं.

काका तिकडेच अचानक गेले. कॅसेट तेव्हा काकीकडे होती. उत्तर भरायचं राहिलं होतं, म्हणून ते शेवटचं बोलणं राहिलं. काकीने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. पुढे टेपरेकॉर्डर बिघडला, दुरुस्त करणारा मिळेना, आणि कॅसेट देव्हाऱ्यात गेली. दसऱ्याला तिच्यावरही हळदकुंकू पडायचं.

अलीकडच्या काळात मला जुने आवाज संगणकावर उतरवून घ्यायचा नाद लागला. आधी आमच्या तबकड्यांची गाणी घेतली, मग ओळखीच्यांच्या कॅसेटी. लोक आनंदाने आणून द्यायचे, मला त्याचा अभिमान वाटायचा. काकीच्या देव्हाऱ्यातली कॅसेटही मीच मागून आणली. तिला म्हणालो, "आता ही खराब व्हायची भीती न्हाई. कायमचं झालं समज."

कायमचं हा शब्द मी किती सहज वापरला.

कॅसेटच्या फितीला बुरशी आली होती. एकदाच ती कशीबशी वाजली आणि मग गुंडाळी चिकटून तुटली. इतर कॅसेटींना बुरशी लागेल म्हणून मी ती टाकून दिली. काकीला सांगितलं, जपून ठेवली आहे. आणखी एक गोष्ट केली. कॅसेटमध्ये सतत खरखर होती आणि मधे मधे काकांचा खोकला. संगणकावर आवाज हिरव्या रेषांचा दिसतो. खोकला आला की रेषा एकदम उंच उसळायची. मी तेवढे उंचवटे निवडून कापले, खरखर काढली आणि मागेपुढे जोडून टाकलं. मूळची प्रत ठेवायचं सुचलंच नाही. खराब आवाज कशाला ठेवायचा, असं मला वाटलं.

काकीच्या नातवाच्या फोनवर ते पाठवलं आणि काकीला ऐकवायला स्वतः गावी गेलो. तिने ऐकलं. चेहऱ्यावर काहीच उमटेना.

"खोकला कुठं गेला?" तिने विचारलं.

"काढला. आता स्वच्छ ऐकू येतंय बघ."

"आवाज त्यांचाच हाय रं. पर लय घाईत बोलत्यात. मागं कुणी लागल्यागत."

मी हसून सोडून दिलं होतं.

पुढे नातवाचा फोन भरला. त्याने जागा करायला जुनं बरंच पुसलं, त्यात काकांचं बोलणंही गेलं. "नानांकडं हाय की," असं तो म्हणाला म्हणे. नाना म्हणजे मी. मी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ठेवणार होतो. या रविवारी, पुढच्या रविवारी.

त्या सकाळपासून मी घाबरलेला माणूस झालो. डिस्क टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली. फ्रीज वाजला, पंखा अडखळला तरी मान वळायची. फोनवर काकीच्या घरचा नंबर दिसला की मी तो वाजू द्यायचो आणि मग बायकोला म्हणायचो, "आंघोळीत आहे असं सांग."

"किती आंघोळी करणार आहात?" ती म्हणाली. "सांगून टाका एकदा."

सांगता येत नव्हतं, कारण काकीच्या मुलाने गावात नवं घर बांधायला घेतलं होतं. काका गेल्यावर तोही दक्षिणेत गलाईलाच गेला होता आणि नातूही आता बापाच्याच दुकानात होता. घर पुरं होत आलं होतं. त्या शेवटच्या कॅसेटमध्ये काका घराबद्दल बोलले होते. काकीने मला दिवाळीतच बजावून ठेवलं होतं, वास्तुशांतीच्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज घरात व्हायला पाहिजे, मग बाकीचं. मी हो म्हणालो होतो. वास्तुशांत चैत्रात होती.

सांगलीत एकाला डिस्क दाखवली. त्याने पुण्याचा रस्ता दाखवला. पुण्यातल्या दुकानात त्यांनी ती ठेवून घेतली आणि काही दिवसांनी मला बोलावलं. झाकण काढलेली डिस्क समोर टेबलावर होती. मी आयुष्यात पहिल्यांदा ती आतून पाहत होतो. आत एक गोल चकचकीत तबकडी होती. तिच्यावर एक बारीक दांडी, टोकाला सुईसारखं काहीतरी. काकांचा रेकॉर्ड प्लेअर कोणी मंत्र मारून लहान केला असावा, तसं. दुकानातल्या मुलीने दिव्याखाली डिस्क तिरपी केली. तबकडीवर एक ओरखडा वर्तुळात फिरला होता.

"इथे घासली गेलीय. यातून काही मिळणार नाही, काका," ती म्हणाली.

"एवढ्याशा ओरखड्याने?"

"हो. एवढ्यानेच."

परत येताना मला आमच्या पेटीतली एक तबकडी आठवत राहिली. तिच्यावर याहून मोठा ओरखडा आहे. एका लग्नात पंगत बसली आणि काकांना तसं माइकवर सांगायचं होतं. घाईत सुई उचलताना त्यांचा हात घसरला आणि सुई तबकडीवरून ओढली गेली. तेव्हापासून गाणं त्या जागी अडकतं, तेच ते अर्धं अक्षर म्हणत राहतं. दांडीला बोट लावून पुढे ढकलावं लागतं. काकांनी मग त्या जागेचाच उपयोग करून घेतला. गाणं अडकलं की सुई उचलायची आणि जे सांगायचं असेल ते सांगायचं. मांडवातले लोकही शिकले. "अडकली रं, आता पंगतीचं सांगतोय बघ," असं म्हणत पोरं आधीच उठून पुढे पळायची. ती तबकडी अजून वाजते. ओरखड्यासकट वाजते.

हल्ली पुन्हा नव्या तबकड्या निघू लागल्यात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मुलगी हौसेने आणते. मला विचारते, हे टिकेल का हो, की फॅशन आहे? मी पूर्वी तिला हसायचो. सगळं फोनमध्ये आहे की, म्हणायचो. आता उत्तर देताना अडखळतो. तबकडीलाही भीती आहेच. उन्हात वाकते, वाजवली की झिजते, सुई तुटली तर आमच्या गावाकडे कुठे मिळणार? पण ती मरताना आधी कुरकुर करते, मग अडखळते, आपल्याला कळायला वेळ देते. डिस्क काल ठीक होती आणि आज टक् टक्.

मार्चमध्ये मी एकटाच गावी गेलो. तासगावच्या पुढे रस्त्याच्या कडेने बेदाण्याच्या शेडमध्ये बायका काम करत होत्या, कोणाच्या तरी फोनवर गाणी लागली होती. तिथे गाडी थांबवून मी काय बोलायचं ते मनात जुळवलं. काकीसमोर बसल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. नव्या घराच्या पायरीवर ती बसली होती, आत फरशी घासायचं यंत्र चालू होतं. मी सगळं सांगितलं. डिस्क गेली, कॅसेट मीच टाकून दिली, जपून ठेवली हे खोटं बोललो, सगळं.

तिने पायरीवरची धूळ हाताने झाडली. मग म्हणाली, "कॅसेट टाकलीस व्हय?"

"व्हय."

"म्या तिला नमस्कार करत हुते रं. आणि तू ती कचऱ्यात दिलीस."

माझी मान वर होईना.

"बरं," ती म्हणाली. "तू ऐकलं हुतंस न्हवं सगळं? मग सांग. काय म्हणालं त्ये?"

आणि मला सांगता आलं नाही. खोकले शोधताना ते बोलणं माझ्यासमोरून कितीतरी वेळा गेलं होतं. पण मी रेषा बघत होतो. कुठे उंच होते, कुठे कापायची. शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं. उंबरा, खिडकी असं काहीतरी आठवलं.

"सागवानी उंबरा," काकी स्वतःच म्हणाली. "पयला उंबरा सागवानी घालायचा. घातलाय, बघ. परड्याकडं खिडकी ठेवायची, उजेड येतो. ती पण ठेवलीया. मग म्हणालं, आणि तुला म्हणून..." ती थांबली. "हितं खोकलं. लय खोकलं. मग फुडं..."

यंत्र थांबलं होतं. ती दाराच्या चौकटीकडे बघत होती.

"फुडं माज्यासाठनं कायतरी हुतं. खोकल्याच्या फुडं. खोकला झाला की आपसूक यायचं तोंडात. तू दिलंस त्यात खोकलाच नव्हता. कवा आलं, कवा गेलं, ध्यानातच राह्यलं न्हाई."

तिचे ओठ हलत होते. पुन्हा सुरुवातीपासून म्हणत होती. सागवानी उंबरा. परड्याकडं खिडकी. आणि तुला म्हणून. पुन्हा थांबली. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. माझ्या देखत एका बाईच्या डोक्यातून काहीतरी कायमचं गळत होतं आणि ते भोक मी पाडलं होतं.

मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "त्यांची गाण्याची पेटी हाय न्हवं तुज्याकडं? का ती बी दिलीस भंगारात?"

"हाय. सगळं हाय."

"वाजतंय?"

"वाजतंय."

"मग त्ये घिऊन ये. अडकती ती तबकडी आण. काय तरी त्यांच्या हातचं घरात होऊ दे."

वास्तुशांतीच्या दिवशी चैत्रातलं ऊन होतं. बायकोने तबकडी जुन्या सुती साडीत गुंडाळून मांडीवर धरली. गाडीच्या काचेतून ऊन तिच्या मांडीवर पडलं की मी गाडी सावलीला घ्यायचो.

"अहो, रस्ता बघा," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर काही बाळ नाही."

"बाळ असतं तर रडलं तरी असतं," मी म्हणालो. ती हसली. मला हसू आलं नाही.

पूजा उरकली. मी ओट्यावर प्लेअर मांडला, अॅम्प्लिफायर जोडला. गल्लीतली पोरं गोळा झाली. काकी सागवानी उंबऱ्याच्या आत पाटावर बसली. तिच्या शेजारी नातू फोन उभा धरून व्हिडिओ काढत होता. मी सुई टेकवली. खरखर आली, मग गाणं. म्हातारी माणसं माना डोलावू लागली. आणि त्या जागी आल्यावर गाणं अडकलं.

मी बोट पुढे नेलं. काकीने हात वर करून मला थांबवलं.

तेच अर्धं अक्षर फिरत राहिलं. मागे कोणीतरी म्हणालं, "आता पंगतीचं सांगत्यात काय?" आणि हशा झाला. मी मात्र सुईकडे बघत होतो. एकाच जागी ती घासत होती, प्रत्येक फेऱ्याला ओरखडा खोल होत असणार. ही तबकडीही आता माझ्यासमोर जाणार, एवढंच डोक्यात होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, काकीचे ओठ हलत होते. गर्दीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मीही कान दिला नाही.

"लाव बोट," ती शेवटी मोठ्याने म्हणाली. मी दांडी ढकलली. गाणं पुढे गेलं.

जेवणं झाली. निघताना काकीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ती अडकली न्हवं, तवा खोकल्यागत झालं बघ. आलं सगळं तोंडात." एवढंच. पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही. पाहुणे तिला आत घेऊन गेले.

तासगावला पोहोचत होतो तेव्हा बायकोच्या फोनवर नातवाचा व्हिडिओ आला. खाली त्याने लिहिलं होतं, मधला अडकलेला भाग कापलाय नाना, आता गाणं सरळ ऐकू येतंय.

मी गाडी कडेला घेतली. नातवाला फोन लावला. व्हिडिओ काढताना त्याचा फोन काकीच्या तोंडापाशी होता. ती जे पुटपुटली ते तिथेच असणार, त्या कापलेल्या भागात.

"मूळचं पुसलंस का?" त्याने फोन उचलल्याबरोबर मी विचारलं.

"काय नाना?"

"मूळचा व्हिडिओ. अडकलेल्यासकटचा. पुसलास का?"

"थांबा, बघतो हां." मग त्याच्या श्वासाचा आवाज, मागे भांडी घासल्याचा आवाज. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला होता. मी मनातल्या मनात देवाला नाही, काकांना विनवत होतो.

"हाय," तो म्हणाला. "पुसणारच हुतो, जागा न्हाई."

"हात लावू नकोस. फोन खिशात ठेव आणि तसाच बसून राहा. मी येतोय."

"आवं नाना, पाठवतो की हितनं."

"नको. मी येतोय."

गावात पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. नातू खरंच ओट्यावर बसून होता. मी त्याच्याकडून फोन घेतला आणि ऐकायच्या आधी काकीकडे नेला. तिला सांगितलं, तू जे बोललीस ते यात आहे, खोकल्याच्या पुढचं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"तू ऐकलंस?"

"न्हाई अजून."

"मग नगं ऐकू. त्ये माज्यासाठनं हुतं."

"बरं."

"आणि कापायचं न्हाई. स्वच्छ करायचं न्हाई. हाय तसं ठेव. मला इसार पडला तर मला ऐकीव. तवर कुणी ऐकायचं न्हाई. ह्यो पण न्हाई," ती नातवाकडे बोट करून म्हणाली. तो ओशाळून हसला.

त्याच्यासमोरच मी ते माझ्या फोनवर घेतलं, बायकोच्या फोनवर घेतलं. आता ते दोन डिस्कवर आहे, माझ्या मुलीकडे पुण्यातही आहे. सगळ्यांना बजावलंय, उघडायचं नाही.

तबकडी परत पेटीत उभी आहे. ती मी वाजवून बघू शकतो, आणि बघतोही, सुई हलकी टेकवून, त्या जागेच्या अलीकडेच उचलून. पण काकीचं ते पुटपुटणं मला तपासता येत नाही. सगळीकडे फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो. आत तिचे शब्द आले आहेत की नाही, हे ऐकल्याशिवाय कळायचा मार्ग नाही, आणि ऐकायचं नाही असं मी तिला कबूल केलंय. दर रविवारी सकाळी मी डिस्क जोडतो आणि श्वास धरून बसतो. टक् आवाज येत नाही ना, एवढंच ऐकतो. मग वायर काढतो.